मार्चचा दुसरा मंगळवार

मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला,
जिथून कॅनडा वीस मैल आणि दवाखाना सत्तर,
तिथे आमच्या टाउनशिपचं सभागृह म्हणजे
जुनी एकखोली शाळा.
फळ्यावर कुणाचा तरी पाढा राहून गेलाय,
सातापर्यंत आलेला.
रेनो दुपारी चारलाच येऊन शेगडी पेटवतो,
तरी सभा सुरू होईस्तोवर
पेन काखेत धरून बसावं लागतं.
ऊब लागली की मग लिहितं.

मी लिहिते. बावीस वर्षं मीच लिहिते.
हजर: अकरा.
बाहेर: उणे एकतीस.
असं लिहायचा नियम नाही. मला आवडतं म्हणून लिहिते.

बर्फ काढायचा नांगर गळतोय.
ऑर्विल म्हणाला, अजून एक हिवाळा काढेल.
गेली सहा वर्षं हेच म्हणतोय तो,
आणि नांगर बिचारा ऐकतोही.
ठराव मंजूर.

बीव्हरनं पुन्हा मोरी तुंबवलीय.
त्यावर पाऊण तास.
कोणी म्हणालं, त्यालाच सदस्य करून घ्या,
कामाला तरी वाघ आहे.
हे मी लिहिलं नाही.

मग जिल्हा कचेरीचं पत्र.
हमरस्त्यावरची पाटी नवी रंगवायचीय, आकडा कळवा.
जुन्या पाटीवर सदतीस.

शेगडीत लाकूड तडकलं तेवढाच काय तो आवाज.

अर्वो जानेवारीत गेला.
पण जमीन चार फूट गोठलेली,
कुदळ मारली तर ठिणगी उडते,
म्हणून तो दफनभूमीच्या कडेला
दगडी खोलीत आहे, पेटीत,
मे महिना येईपर्यंत.
आमच्याकडे हिवाळ्यात मेलेल्यांना
असंच थांबावं लागतं. त्याची कोणी तक्रार केलेली नाही.

ट्रॅव्हिस नवा आहे, दोनच वर्षं झाली,
तो म्हणाला, छत्तीस ना मग?

हिल्मा म्हणाली, त्याला अजून माती मिळालेली नाही.
रेनो म्हणाला, जूनपर्यंतचा कर भरलाय त्यानं.
ऑर्विल काही बोलला नाही.
पण त्या दगडी खोलीपर्यंतचा रस्ता
आमच्या यादीत नसताना
दर बर्फानंतर कोण साफ करतं
हे सगळ्यांना माहीत होतं.

सदतीस ठेवावेत असा ठराव.
हात वर करा.
आम्ही दहा जणांनी केले, माझाही धरून,
आणि मनातून आम्हाला जरा बरंच वाटलं स्वतःबद्दल.

विरोधात?

मागच्या बाकावरून सिल्वीनं हात वर केला.
अर्वोची सिल्वी.
वेलदोड्याचा पाव घेऊन आली होती ती नेहमीसारखी,
ताटावरचं फडकंसुद्धा अजून काढलं नव्हतं.

म्हणाली, छत्तीस लिहा.
तुम्ही त्या पाटीवरून आठवड्यातून एकदा जाता.
मी रोज जाते.

मी लिहिलं: बाजूनं दहा, विरोधात एक.
पाटी सदतीसच राहील.
लिहिताना पेन थिजलं,
म्हणून तो 'एक' दोनदा गिरवावा लागला.
कागदावर तो जास्त काळा दिसतो.

पाव सगळ्यांनी खाल्ला. छान झाला होता.
ट्रॅव्हिसनं दोनदा घेतला
आणि दोन्ही वेळा तिचे आभार मानले.

कुलूप लावून निघाले तेव्हा साडेनऊ.
हमरस्त्याच्या वळणावर समोर गाडी उभी,
दार उघडं, आतला दिवा चालू.
डिसेंबरपासून पाटी बर्फात गळ्यापर्यंत बुडालेली,
आकडा कुणाला दिसतच नव्हता,
हे सभेत एकालाही सुचलं नाही.

सिल्वी गुडघ्यांवर बसून
बर्फ उकरत होती.
हातात त्याचे मोठे कातडी मोजे.
तीन दिसायला लागला होता.

मी गाडीचे दिवे विझवले.
इंजिन चालू ठेवलं, या थंडीत
एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू होत नाही,
आणि थांबून राहिले.